खाणीत जीव वाचवणाऱ्याचं नाव जीवन रक्षा पदकासाठी कसं पाठवायचं

खाणीत छत कोसळलं, पाणी घुसलं की रेस्क्यू टीम पोचायच्या आधी आत धावतो तो त्याच शिफ्टमधला बाजूच्या फेसवरचा (जिथं कोळसा कापतात त्या जागेवरचा) माणूस. तो स्वतःहून अर्ज करायला जात नाही, म्हणून त्याचं नाव सोबत्यांनी, युनियनने लावून धरायचं.

जीवन रक्षा पदक म्हणजे दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला मिळणारं पदक, ते १९६१ पासून आहे, केंद्रीय गृह मंत्रालय देतं, आणि कोणकोणत्या प्रसंगांसाठी मिळतं त्या यादीत बुडणं, आग, विजेचा शॉक यांच्यासोबत खाणीतलं बचावकार्य सरळ नाव घेऊन दिलंय. सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा असे तीन प्रकार, रक्कम अनुक्रमे २ लाख, दीड लाख, १ लाख. पोलिस, अग्निशमन आणि सैन्यातल्यांना ड्युटीवर केलेल्या कामासाठी मिळत नाही, पण ती अट त्यांच्यापुरती आहे, खाण कामगाराला नाही. जसवंत सिंग गिल खाणीतलेच इंजिनिअर, १९८९ मध्ये पश्चिम बंगालातल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरलं तेव्हा बोअर मारून त्यातून स्टीलची कॅप्सूल सोडली, स्वतः तिच्यात बसून खाली गेले आणि ६५ जण एकेक करून वर आले, त्यांना सर्वोत्तम मिळालं.

आता खरं काम म्हणजे घटनेचं वर्णन. "अतुलनीय शौर्य दाखवले" असं लिहून काही होत नाही हो, तिन्ही पदकांतला फरकच मुळात वाचवणाऱ्याच्या जिवाला किती धोका होता यावर ठरतो, तर तो धोका कागदावर दिसायला पाहिजे. मेथेन (खाणीतला स्फोटक वायू) किती टक्के होता, कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग काय (याला वास नसतो, स्फोटानंतर बिना मास्क आत गेलेला माणूस चालता चालता पडतो, हे कलेक्टर ऑफिसातल्या क्लार्कला माहीत असेल असं धरू नका), छताला टेकू होते का, पाणी कुठवर आलेलं, परत किती वेळा आत गेला, "बाहेर या" असं सांगितल्यावरही आतच राहिला का. ओव्हरमन, मायनिंग सरदार (खाणीत शिफ्टवर देखरेख करणारे) आणि जे वाचले त्यांचे जबाब पहिल्या आठवड्यातच सह्यांसकट घ्या, नंतर बदल्या होतात, माणसं गावी जातात. मॅनेजरचा अपघात रिपोर्ट आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या चौकशीतलं जे मिळेल ते जोडा.

शिफारस राज्य सरकार किंवा केंद्रातल्या मंत्रालयामार्फत राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर जाते, त्यामुळे फाइल कलेक्टरकडे द्या, पोच घ्या आणि मागे लागा. घटना दोन वर्षांच्या आतली हवी, आणि चौकशी संपायची वाट बघण्यातच बहुतेक वेळ जातो, तेव्हा थांबू नका.

वाचवताना तो स्वतः गेला असेल तरी पदक मिळतं. अशा वेळी वारसाचं नाव आधार आणि पासबुकवर सारखं आहे ना हे फाइल देण्याआधीच बघून घ्या.