सांगलीच्या पेढीसाठी व्हर्च्युअल क्रमांक प्रोग्राममधून कसा शोधावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा सुरू झाला की अडत्याच्या पेढीवरचे फोन मोकळे सापडत नाहीत. तासगाव, जतकडचा शेतकरी दर विचारायला फोन लावत राहतो. अशा पेढीसाठी दर सांगणारी आणि पट्टी (विक्रीचा हिशोब) तयार झाल्याचे कळवणारी यंत्रणा आपल्याकडची प्रोग्रामिंग शिकलेली मुले सहज उभी करू शकतात. त्यासाठी आधी व्हर्च्युअल क्रमांक लागतो, आणि तो असे क्रमांक देणाऱ्या सेवा कंपनीच्या संकेतस्थळावर बसून एकेक पाहण्यापेक्षा प्रोग्रामला शोधायला लावणे चांगले.

व्हर्च्युअल क्रमांकामागे सिमकार्ड नसते आणि पेढीपर्यंत आलेली तारही नसते. आलेला फोन सेवा कंपनीच्या सर्व्हरवर उतरतो आणि पुढे काय करायचे हे तुमचा प्रोग्राम ठरवतो.

आधी पेढीवर बसून विचारा

कोड लिहिण्याआधी मालकाला चार गोष्टी विचाराच. फोन फक्त येणार की इथून जाणारही? या क्रमांकावर लोक एसएमएस पाठवणार का? क्रमांक सांगलीचाच हवा का? पावत्यांवर आणि पाटीवर तो छापणार का? छापणार असाल तर तो वर्षानुवर्षे राहणार, म्हणून शोधात घाई नको.

भारतात दोन गोष्टी इथेच स्पष्ट करा. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे, तेव्हा चौकशीचा क्रमांक त्या कामाला जुंपू नका. आणि धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदणी आणि मजकुराची मंजुरी घ्यावी लागते. क्रमांक मिळाला म्हणून ते काम सुटत नाही.

एसटीडी कोड नीट लिहा

बहुतेकांचा शोध इथे अडतो. सांगली-मिरजेचा कोड आपण ०२३३ सांगतो, साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४. यातला पहिला शून्य देशातल्या देशात फोन लावण्यापुरता असतो. प्रोग्रामच्या जगात क्रमांक ई.१६४ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहितात: अधिक चिन्ह, देशाचा संकेत, मग शून्य वगळून बाकीचे अंक. म्हणजे सांगलीचा क्रमांक +९१२३३ ने सुरू होतो आणि पुढे सात अंक येतात. साताऱ्याचा +९१२१६२ ने सुरू होतो आणि पुढे सहा. कोड लांब असला की पुढचा भाग आखूड होतो. देशसंकेत सोडून एकूण अंक दहाच.

नुसते २३३ शोधलेत तर हे तीन अंक मध्ये किंवा शेवटी असलेले क्रमांकही येतील. म्हणून जुळणी सुरुवातीपासून करा. अधिक चिन्ह वेब पत्त्यात जसेच्या तसे टाकले की सर्व्हर त्याला मोकळी जागा समजतो. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला पॅरामीटर वेगळे दिलेत तर ती हे रूपांतर स्वतः करते. पत्ता हाताने जोडत बसू नका.

विनंती पाठवा

सेवेत खाते उघडले की खात्याची ओळख आणि एक गुप्त टोकन मिळते. टोकन कोडमध्ये लिहू नका, कोडबाहेर संगणकाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) चुकून गेलेल्या टोकनवर दुसरा कोणीही तुमच्या पैशाने फोन करू शकतो.

ट्विलिओ या क्रमांक देणाऱ्या सेवेच्या पद्धतीवरून शोधाची रचना समजते. हळद निर्यात करणाऱ्या पेढीला न्यू जर्सीतल्या ग्राहकांसाठी अमेरिकी क्रमांक हवा आहे असे धरा. वेब पत्त्यात क्रमाने खाते, ‘अव्हेलेबल फोन नंबर्स’, देश म्हणून ‘यूएस’ आणि प्रकार म्हणून ‘लोकल’ येतो. ‘टोल फ्री’ आणि ‘मोबाइल’ हे दुसरे प्रकार. मग गाळण्या: ‘एरिया कोड’मध्ये एडिसन परिसराचा ७३२, ‘व्हॉइस एनेबल्ड’ आणि ‘एसएमएस एनेबल्ड’ खरे. एरिया कोडची गाळणी फक्त अमेरिका आणि कॅनडासाठी चालते. इतर देशांत ‘कंटेन्स’ वापरायचे, त्यात तारका म्हणजे कोणताही एक अंक. ही ‘गेट’ विनंती आहे, म्हणजे ती फक्त माहिती मागते. नुसत्या शोधाला पैसे पडत नाहीत, क्रमांक घेतल्यावर पडतात.

भारतीय क्रमांकांसाठी एक्झोटेलसारखी इथली सेवा बघा. तिथे शोध टेलिकॉम सर्कलने (दूरसंचार विभागाने) आणि लँडलाइन की मोबाइल अशा प्रकाराने लावता येतो. सांगली-सातारा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात, गोवाही त्यातच. मुंबई मात्र वेगळे सर्कल आहे. लँडलाइन मालिकेवर एसएमएस येईल असे गृहीत धरू नका.

उत्तर वाचा

उत्तर जेसन या, प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मजकुराच्या स्वरूपात घेता येते. प्रत्येक क्रमांकासोबत त्याचे गाव, प्रांत आणि क्षमता असतात: फोन, एसएमएस, एमएमएस (चित्रासह संदेश). ट्विलिओत पत्त्याची अटही येते: काहीच नको, कुठलाही चालेल, स्थानिकच हवा किंवा परदेशातला हवा. ही अट दुर्लक्षित करून क्रमांक निवडला की खरेदीच्या वेळी कागदांसाठी गाडी अडते. भारतात तर केवायसी आलीच, तेव्हा जीएसटी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याचे पॅन आधीच स्कॅन करून ठेवा.

उत्तरासोबत विनंतीचे काय झाले हे सांगणारा एक आकडा येतो. ४०१ आला तर टोकन तपासा. ४२९ आला तर तुम्ही फार घाईने विचारताय, थांबून पुन्हा विचारा. पण २००, म्हणजे विनंती यशस्वी, येऊनही यादी रिकामी असू शकते आणि लहान शहरांच्या कोडला हे वारंवार घडते. ही चूक नव्हे, त्या अटींत बसणारा क्रमांक नाही एवढेच. म्हणून पर्यायांचा क्रम कोडमध्ये लिहून ठेवा: आधी ०२३३, मग कोल्हापूरचा ०२३१, मग पुण्याचा ०२०, शेवटी १८०० चा टोल फ्री. हा क्रम मालकाशी बोलून ठरवा. ओळखीच्या कोडवर शेतकऱ्याचा विश्वास बसतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

प्लिवो ही अशीच दुसरी सेवा एका विनंतीला जास्तीत जास्त २० क्रमांक देते, पुढचे हवे तर ऑफसेट (सुरुवातीचे किती क्रमांक सोडायचे तो आकडा) वाढवायचा. पहिल्या पानावर थांबलात तर चांगले क्रमांक नजरेआडच राहतील.

निवड माणसाला करू द्या

आलेल्या यादीतला पहिला क्रमांक आपोआप विकत घेणारा प्रोग्राम मला मुळीच पटत नाही. पाच-सहा क्रमांक पडद्यावर ठेवा आणि मालकाला मोठ्याने वाचायला सांगा. जो एकदा ऐकून समोरच्याला लिहिता येतो तो घ्या.

निवड लवकर उरका. शोधात दिसला म्हणून क्रमांक तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो; दुसरे कोणी तो तेवढ्यात घेऊ शकते. खरेदीच्या विनंतीला नकार आला तर प्रोग्रामने शोध पुन्हा चालवावा आणि नवी यादी दाखवावी.

क्रमांक मिळाला की तो तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याशी जोडा. पाटी रंगवायला देण्याआधी मोबाइलवरून शून्य लावून, +९१ लावून आणि जवळच्या एखाद्या लँडलाइनवरून असे तिन्ही प्रकारे फोन करून बघा.