आरोग्य विमा घेताना या चुका टाळा

एका खासगी रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर मी काम करते. आपण नेमकी कोणती पॉलिसी घेतली आहे, हे बहुतेक घरांना पेशंट ॲडमिट झाल्यावरच कळतं. लोक कार्ड पुढे करतात, "पाच लाखांचं आहे" म्हणतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी स्वतः भरायची रक्कम ऐकली की चेहरा उतरतो. त्या वेळी माझ्या हातात फारसं काही नसतं. जे करायचं ते पॉलिसी घेतानाच, घरी शांतपणे बसून करायचं असतं. चुका त्याच त्याच आहेत आणि जवळपास सगळ्यांचं मूळ एक आहे: लोकांचा पहिला प्रश्न "प्रीमियम किती?" हा असतो आणि पुष्कळदा तोच शेवटचाही असतो.

परवडणारी पॉलिसी शोधण्यात काही चूक नाही. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याने हप्ता बघायलाच हवा. पण एका कंपनीचा हप्ता दुसरीपेक्षा बराच कमी दिसला, तर तो कशामुळे कमी आहे हे विचारा. बहुतेक वेळा खोलीभाड्यावर मर्यादा असते, को-पे (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायचा ठरावीक वाटा) असतो, नाहीतर काही शस्त्रक्रियांना ठरावीक रकमेच्या वर पैसे मिळत नसतात. हे तुमच्या घराला चालणार असेल तर ती पॉलिसी खरंच स्वस्त आहे.

खोलीभाड्याची ओळ न वाचणे

या एका ओळीने जितक्या घरांना दणका दिलेला मी पाहिला आहे, तितका दुसऱ्या कशाने नाही.

एक शिक्षक वडिलांना घेऊन आले होते. म्हातारे अंगणात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. वडिलांना चार माणसांत झोप लागत नाही म्हणून मुलाने ६,००० ची सिंगल रूम घेतली. त्याने मनाशी हिशेब केला होता: सहा दिवस, रोजचे वरचे तीन हजार, म्हणजे अठरा हजार खिशातून जातील. कपात नुसत्या भाड्यावर थांबत नाही, हे मी ॲडमिशनच्या वेळी सांगितलं. पण वडील स्ट्रेचरवर कण्हत असताना कोणता मुलगा टक्केवारी ऐकून घेईल?

बिल झालं २,४०,०००. त्यात खोलीचे ३६,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे मिळून १,२०,०००. औषधं, तपासण्या आणि हाडात घातलेला रॉड यांचे ७०,०००. हातमोजे, मास्क, फाइलचे पैसे असल्या न मिळणाऱ्या बाबींचे १४,०००. हक्काची खोली ३,००० ची आणि घेतलेली ६,००० ची, म्हणजे प्रमाण निम्मं. कंपनीने खोलीचे अठराच हजार दिले आणि डॉक्टर-थिएटरचे १,२०,००० सुद्धा निम्म्यावर आणले. औषधं, तपासण्या आणि रॉड यांना ही कपात लावता येत नाही, म्हणून ते ७०,००० पूर्ण मिळाले. एकूण १,४८,००० मंजूर. उरलेले ९२,००० मुलाने भरले. न मिळणाऱ्या बाबींचे १४,००० कुठल्याही खोलीत गेलेच असते, पण बाकीचे ७८,००० एका खोलीच्या निवडीमुळे गेले. त्यांच्याकडे तेवढे नव्हते. मेहुण्याने फोनवरून पाठवले तेव्हा संध्याकाळी सुटी मिळाली.

याला प्रमाणशीर कपात म्हणतात. पॉलिसीत ती लिहिलेली असते आणि कायदेशीर आहे. ज्या रुग्णालयात खोली बदलली तरी डॉक्टर-थिएटरचे दर बदलत नाहीत तिथे ती करता येत नाही, आणि आयसीयूच्या खर्चालाही लावता येत नाही. तशी कपात दिसली तर तिथेच हरकत घ्या.

माझी पद्धत अशी आहे. नात्यातलं कोणी पॉलिसी घ्यायला निघालं की मी आधी रुग्णालय विचारते. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर तुम्ही खरोखर कुठे जाल? तिथल्या बिलिंग काउंटरला फोन करून शेअरिंग आणि सिंगल रूमचे दर विचारायचे, वहीत लिहायचे आणि मगच पॉलिसी उघडायची. लोकांना हा फोन करायचा कंटाळा येतो. मोबाइलवर दहा मिनिटांत पॉलिसी निघते, मग फोन कशाला, असं त्यांना वाटतं. त्या दहा मिनिटांचं कौतुक मला कधीच वाटलेलं नाही.

दर हातात आले की निर्णय सोपा होतो. उदाहरणार्थ, सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर विकावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी बघा. तिच्यात खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळतं, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के वाटा तुमचा असतो. तालुक्याच्या गावी, जिथे चांगली खोली अडीच हजारांत मिळते, तिथे ही पॉलिसी मला नीट बसणारी वाटते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्याने मात्र खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघावी, आणि ती परवडत नसेल तर ॲडमिट होताना "आमच्या पॉलिसीत बसणारी खोली द्या" एवढं वाक्य पाठ ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. वाचलेले पैसे ही मर्यादा काढून टाकण्यासाठी वापरा, असं मी सगळ्यांना सांगते.

आजार लपवणे

"बीपीचं लिहू नका, प्रीमियम वाढेल, उगाच मेडिकल लागेल." हे वाक्य मी इतक्या घरांकडून ऐकलं आहे की आता राग येतो. सांगणारा एजंट क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही.

लपवलेलं कसं उघडं पडतं? ॲडमिशनच्या वेळी ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, "शुगर, बीपी काही?" पेशंटची बायको खरं सांगते, "हो, सहा वर्षं गोळी चालू आहे." तिने सांगायलाच हवं, उपचार त्यावर ठरतात. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात. कंपनी पहिल्यांदा मागते तो कागद हाच. पॉलिसी दोन वर्षांची आणि बीपी सहा वर्षांचं, एवढ्यावर प्रश्न सुरू होतात. कॅशलेस नाकारलं जातं, क्लेम अडकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग नातेवाईक माझ्याकडे येऊन "केसपेपरवरचं 'सहा वर्षं' खोडून 'सहा महिने' करा" म्हणतात. ते कुठलंही रुग्णालय करणार नाही आणि करू नये.

आता नियम बघा. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, पूर्वी तो ४८ होता. म्हणजे शुगर-बीपी खरं लिहून पॉलिसी मिळाली, तर जास्तीत जास्त तीन वर्षं त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. पुढे हक्काने मिळतात. लपवलं, तर सलग ६० महिने होईपर्यंत कंपनी कधीही "माहिती दडवली" म्हणून क्लेम नाकारू शकते, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. खरं सांगणाऱ्याला तीन वर्षं थांबावं लागतं, लपवणारा पाच वर्षं टांगणीला लागतो आणि तेवढा काळ हप्तेही भरतो. हप्ता थोडा वाढतो हे खरं आहे. कधी कंपनी नाहीही म्हणते, मग दुसरीकडे विचारावं लागतं. तरीही माझं मत बदलत नाही.

फॉर्म स्वतः भरा. आजकाल एजंट त्याच्या टॅबवर सगळं भरतो आणि तुम्ही फक्त ओटीपी सांगता. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. त्याने "आजार नाही" लिहिलं असेल तर ते तुम्ही लिहिलं असं धरलं जातं. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची प्रपोझल फॉर्मची प्रत उघडा आणि प्रत्येक उत्तर वाचा. चुकीचं असेल तर लगेच ईमेलने दुरुस्ती मागा. पॉलिसी पटली नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आणखी एक: पॉलिसीच्या मुख्य अटी दोन-तीन पानांत सांगणारं ग्राहक माहिती पत्रक कंपनीला द्यावंच लागतं आणि मागितलं तर ते मराठीत मिळतं. मागा. आईवडिलांना ते मोठ्याने वाचून दाखवा.

बाकीच्या

सत्तरीच्या वडिलांना आणि तिशीच्या मुलाला एकाच फ्लोटरमध्ये (घरातल्या सगळ्यांच्या सामाईक पॉलिसीत) बसवू नका. हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.

३१ मार्चच्या आठवड्यात कर वाचवायला घाईत पॉलिसी घेऊ नका. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हे तरी आधी बघा.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीवर सगळं सोडून बसू नका. नोकरी गेली की ती जाते, आणि पन्नाशीत नवी काढताना प्रतीक्षा काळ पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. नोकरी सोडण्याआधी एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का.

नूतनीकरण चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत ॲडमिट झालात तर वाद होतो.

मोठी रक्कम कमी पैशात हवी असेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप हा माझा आवडता मार्ग आहे. फक्त नाव नीट बघा. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक आहे. समजा, वजावट (जिच्या वरच्या खर्चालाच टॉप-अप पैसे देतो ती रक्कम) पाच लाखांची आहे आणि वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, दर वेळी चार लाख बिल. साधा टॉप-अप एकही रुपया देणार नाही, कारण एकही बिल पाच लाखांच्या वर गेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो: आठ लाखांतून पाच वजा, तीन लाख मिळतात.

आणि सरकारी योजना विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. पूर्वीसारखी फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती ती राहिलेली नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. या योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच चालतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर पॉलिसी बंद करू नका. पण हप्ता अजिबात झेपत नसेल तर घराजवळचं योजनेतलं रुग्णालय आजच शोधा आणि तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून या.

शेवटी, क्लेम नाकारला म्हणून गप्प बसणं. डिस्चार्जच्या गडबडीत लोक पैसे भरून निघून जातात आणि पुन्हा कंपनीकडे बघत नाहीत. नकाराचं कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नाकारलं ते त्यात असायला हवं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून नकाराचं पत्र, केसपेपरची प्रत आणि अंतिम बिल एकाच फाइलमध्ये ठेवा.