हेरिटॅबिलिटी स्वतः काढायची कशी: फिंचची चोच घेऊन

हेरिटॅबिलिटी म्हणजे एखाद्या समूहात एखाद्या गुणात जे फरक दिसतात, त्यातला किती भाग जीनमधल्या फरकांमुळे आहे ते. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, पण समोर डेटा आला की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. म्हणून पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसमधल्या डाफ्ने मेजर बेटावरचे मध्यम ग्राउंड फिंच (बिया खाणारे छोटे पक्षी) घेऊ, कारण पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने 1973 पासून तिथले पक्षी पकडून, पायात रिंग घालून, मापं घेऊन ठेवलीयेत, जंगली पक्ष्यांचा इतका चांगला डेटा क्वचितच मिळतो.

आधी एकच गुण पकडा. आपण चोचीची खोली घेऊ, म्हणजे चोच बुडाशी वरून खाली किती जाड आहे ते, मिमीमध्ये. आता ग्राफवर आडव्या अक्षावर आईबापांच्या मापांची सरासरी, उभ्या अक्षावर त्यांच्या पिल्लांची (पिल्लं पूर्ण वाढल्यावर मोजायची, आधी नाही), दर जोडीचा एक ठिपका, आणि त्यातून सरळ रेषा. रेषेचा उतार हीच हेरिटॅबिलिटी, झालं. एकाच पालकाचं माप असेल तर उतार दुप्पट करा. पक्ष्यांच्या बाबतीत तर नुसत्या आईवरूनही एकदा काढून बघाच, कारण घरट्यातला नर खरा बाप असेलच असं नाही! या फिंचच्या चोचीसाठी आकडा 0.7 च्या वर आला होता, म्हणजे बराच जास्त.

पण थांबा, पिल्लं आईबापांसारखी दिसतात ती जीनमुळे की एकाच घरट्यात तोच खाऊ खाल्ल्यामुळे? हे तपासायला पिल्लं किंवा अंडी घरट्यांमध्ये अदलाबदल करतात. कॅनडातल्या मँडार्टे बेटावर साँग स्पॅरो या छोट्या पक्ष्यांवर हे केलं तेव्हा चोच जन्मदात्यांसारखीच निघाली, सांभाळणाऱ्यांसारखी नाही.

आता नैसर्गिक निवड, म्हणजे कोण जगतं आणि पिल्लं काढतं. 1977 च्या दुष्काळात बारीक मऊ बिया संपल्या, उरल्या मोठ्या आणि कडक, त्यात आपल्या सराट्याच्या भावकीतल्या एका वेलीची काटेरी फळं. जवळपास 85 टक्के मध्यम फिंच गेले आणि जाड चोचीचे जास्त वाचले. वाचून ज्यांनी पिल्लं काढली त्यांची सरासरी वजा दुष्काळाआधीची सगळ्यांची सरासरी, हा झाला एस. पुढच्या पिढीतला बदल, म्हणजे आर = एच स्क्वेअर × एस, यातला एच स्क्वेअर म्हणजे आपला उतारच. सोपे आकडे धरा: आधी सरासरी 9.0, वाचलेल्यांची 9.5, उतार 0.7. एस 0.5, आर 0.35, म्हणजे पिल्लांची सरासरी 9.35 यायला हवी. उतार शून्य असता तर कितीही पक्षी मेले असते तरी पिल्लं परत 9.0 वरच. प्रत्यक्षातही पुढच्या पिढीची चोच साधारण 4 टक्क्यांनी जाड झाली.

इथे बहुतेक जण एक घोळ घालतात, 0.7 म्हणजे प्रत्येक पक्ष्याची 70 टक्के चोच जीनमधून आली असं समजतात. तसं नाही. हा आकडा त्या समूहातल्या फरकांचा आहे, त्या जागी, त्या काळात. माणसाला दोन पाय जीनमुळेच येतात, तरी पायांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी जवळपास शून्य, कारण जो काही फरक दिसतो तो मुख्यतः अपघातांमुळे. त्यामुळे एका बेटाचा आकडा उचलून दुसऱ्या बेटाला लावू नका, आणि दोन समूहांच्या सरासरीतला फरक जीनमुळेच आहे असं तर त्यावरून अजिबात काढू नका.

एस मात्र दर वेळी नव्याने काढायचा. 1983 च्या एल निनोच्या पावसानंतर बारीक बिया भरपूर झाल्या आणि निवड उलटी, बारीक चोचीकडे फिरली. अशी दिशा बदलत राहिली तर एकाच टोकाचे पक्षी उरत नाहीत आणि फरक टिकायला मदत होते. 2003 नंतरच्या दुष्काळात तर आणखी गंमत, तोपर्यंत मोठे ग्राउंड फिंच बेटावर वाढले होते, त्यांनी कडक फळं फस्त केली आणि मध्यम फिंचमधले जाड चोचवालेच जास्त मेले. दुष्काळ तसाच, एसचं चिन्ह मात्र वजा.