गुळाची अंबर लागर चाखताना

सांगलीचा गूळ घातलेली अंबर लागर, म्हणजे तांबूस रंगाची बीअर, फ्रिजमधून काढल्या काढल्या ओठाला लावू नका. दहा मिनिटं थांबा. 8 ते 10 अंशांवर तिचा वास मोकळा होतो. बर्फासारखी गार असेल तर ना माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) कळतो ना गूळ. ग्लासला साबणाचा अंश नको, फेस टिकत नाही. निम्माच भरा आणि उजेडाकडे धरा. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस, आरपार स्वच्छ दिसला पाहिजे.

मग गोडी. इथेच बहुतेक जण फसतात. गुळातली साखर यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे चांगल्या लागरमध्ये गूळ गोड लागत नाही. गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहिल्यावर येतो तो खरपूस वास तेवढा मागे राहतो. घोटानंतर ओठ चिकट झाले, तर आंबवणं अर्धवट राहिलं असं मी धरतो. माल्ट भाजलेल्या पावाच्या कडेसारखा लागावा, शेवट कोरडा, म्हणजे गोडी न रेंगाळणारा. लोण्याचा किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला तर गुण कापा.

भडंग मात्र नंतर. तिखटाने जीभ बधिर झाली की काहीच कळत नाही. तोवर साधे चुरमुरे पुरेत.