'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचताना पेन्सिल कुठे टेकवावी

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनने 1796-97 मध्ये या कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला, तेव्हा तिचे नाव 'फर्स्ट इम्प्रेशन्स' होते. 1813 च्या जानेवारीत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली ती नव्या नावाने. प्रथमदर्शनी मत कसे बनते आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न कशावर ठरत असे, हे या कादंबरीतून नीट समजून घ्यायचे असेल, तर पहिले वाचन मजेसाठी उरकून दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हाती घ्यावी.

प्रथम पैशांचे आकडे एका कागदावर उतरवावेत. नायिका एलिझाबेथचे वडील बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला 2000 पौंड आहे. परंतु लाँगबोर्न गावातली त्यांची मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जाणार असल्यामुळे त्यांच्या पश्चात ती कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाला मिळेल. पत्नी आणि पाच मुली यांच्यासाठी लग्नाच्या करारात ठेवलेली रक्कम आहे 5000 पौंड, म्हणजे चार टक्के व्याजाने सहा जणींना मिळून वर्षाला 200 पौंड. त्याच कागदावर शेजारच्या नेदरफील्ड या घरात राहायला आलेल्या अविवाहित बिंग्लीचे चार-पाच हजार आणि त्याचा मित्र डार्सीचे 10,000 पौंड वार्षिक उत्पन्न लिहिले, की मिसेस बेनेटचा उतावळेपणा हास्यास्पद राहतो खरा, पण निराधार राहत नाही. सत्तावीस वर्षांची, जवळ पैसा नसलेली एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस कॉलिन्सला लग्नाचा होकार देते, तेव्हा एलिझाबेथबरोबर आपणही नाक मुरडतो. ते मुरडण्याआधी हा कागद पुन्हा पाहावा.

यानंतरचे काम अधिक कष्टाचे, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी आहे. एखाद्या पात्राला भला किंवा वाईट म्हटले जाईल, तिथे समासात 'पाहिले' किंवा 'ऐकले' अशी नोंद करावी. डार्सीविषयीचे पहिले मत जवळच्या मेरिटन गावातील नृत्यसमारंभात एलिझाबेथच्या कानावर पडलेल्या त्याच्या एका अपमानकारक वाक्यावर उभे आहे. तो उद्धटपणा खराच आहे, त्याची सारवासारव करू नये. मेरिटनला आलेला लष्करी अधिकारी विकहॅम याच्या बाबतीत मात्र 'पाहिले' या खाती देखणा चेहरा आणि गोड बोलणे एवढेच जमा होते. जेमतेम ओळख झालेल्या एलिझाबेथपुढे तो डार्सीने आपल्यावर अन्याय केल्याची कौटुंबिक तक्रार मांडतो. डार्सीला आपण मुळीच टाळणार नाही असे सांगून नेदरफील्डच्या नृत्याला गैरहजर राहतो. आणि डार्सीच्या वडिलांच्या आठवणीसाठी गप्प राहण्याची भाषा करणारा हा गृहस्थ नेदरफील्डची मंडळी निघून जाताच तीच कथा गावभर होऊ देतो. या तिन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर घडलेल्या असतात. तरीही बहुतेक वाचक फसतात, कारण निवेदन एलिझाबेथच्या खांद्यावरून पाहत असते आणि तिची हुशारी आपल्याला आपलीच वाटू लागते.

चौतिसाव्या प्रकरणात डार्सी एलिझाबेथला घालतो ती लग्नाची मागणी आणि त्यानंतरचे त्याचे पत्र सलग वाचावे. अविवाहित, वाङ्निश्चयही न झालेल्या स्त्री-पुरुषांनी पत्रव्यवहार करणे तेव्हा अनुचित मानले जाई, म्हणून तो पत्र स्वतः तिच्या हातात देतो. छत्तिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ ते पुन्हापुन्हा वाचते आणि प्रत्येक वाचनात तिचा अर्थ सरकतो. आपणही पत्र वाचून मागे जावे आणि आपल्या नोंदी तपासाव्यात.

पेंबर्ली या डार्सीच्या घराच्या प्रकरणात घर सांभाळणाऱ्या मिसेस रेनॉल्ड्सची साक्ष येते. त्या पगारी आहेत, ही शंका रास्त आहे. परंतु त्या डार्सीला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखतात आणि ऐकणारी कोण आहे हे त्यांना ठाऊक नसते. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते, त्या प्रसंगाकडे वळताना एवढेच लक्षात ठेवावे, की इंग्लंडमध्ये 1753 च्या कायद्याने एकविसाव्या वर्षाआतील विवाहाला सामान्यतः पालकांची संमती लागे, स्कॉटलंडमध्ये नाही; म्हणूनच सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावाचे नाव निघते.

शेवटी मेरिटनच्या नृत्याचे तिसरे प्रकरण पुन्हा उघडावे. डार्सीचा तो शेरा ऐकून एलिझाबेथ दुखावते, हे आपल्या ध्यानात राहिलेले असते; पण लगेच पुढच्या वाक्यात ती तोच किस्सा मैत्रिणींना मोठ्या उत्साहाने रंगवून सांगते, तिथेही एक खूण हवी.