छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सोशल साधने : या चुका टाळा

दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या ग्रंथालयात व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, ब्लॉग, फेसबुक पान, गूगल फॉर्म सगळे एकदम सुरू होते आणि पहिली सत्र परीक्षा येईपर्यंत त्यातले निम्मे ओस पडते. खाते उघडायला दहा मिनिटे पुरतात, पण ते चालवायला रोज माणूस लागतो, आणि तो माणूस देवघेव काउंटरवर आधीच अडकलेला असतो. ओस पडलेले पान नुसते निरुपयोगी नसते, ते वाचकाची दिशाभूल करते. त्यावर गेल्या वर्षीची वेळ लिहिलेली असते आणि विद्यार्थी बंद दारापाशी येऊन उभा राहतो.

म्हणून सुरुवात दोनच गोष्टींनी करावी. एक जागा माहिती कायम ठेवण्यासाठी, म्हणजे ग्रंथालयाचे वेबपान किंवा ब्लॉग. दुसरी जागा वाचकाला हाक मारण्यासाठी, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरचे एखादे चॅनेल. वेळा, नियम, फॉर्म, याद्या पहिल्या जागी राहतील. दुसऱ्या जागेवरून फक्त त्याची लिंक जाईल. ही जोडी एक पूर्ण सत्र न अडखळता चालली तरच तिसऱ्या साधनाचा विचार करावा.

खाते कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. ब्लॉग कोणाच्या तरी खासगी ईमेलवर उघडलेला असतो, त्या व्यक्तीची बदली होते आणि पासवर्ड तिच्याबरोबर जातो. खाते महाविद्यालयाच्या डोमेनवरील ग्रंथालयाच्या पत्त्यावरच उघडावे आणि किमान दोन अ‍ॅडमिन ठेवावेत. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेत दुसऱ्या व्यक्तीला आमंत्रण पाठवले की ती आधी फक्त लेखक होते. तिने आमंत्रण स्वीकारल्यावर परवानग्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन तिला अ‍ॅडमिन करावे लागते. ही दुसरी पायरी बहुतेक वेळा राहून जाते आणि ते पहिला माणूस गेल्यावरच लक्षात येते.

दुहेरी पडताळणी चालू करताना गूगल १० बॅकअप कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून, पाकिटात बंद करून दाखल नोंदवहीच्या कपाटात ठेवावेत. दोन वर्षे न वापरलेले खासगी गूगल खाते गूगल काढून टाकू शकते, हेही ध्यानात असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी सिमकार्ड ग्रंथालयाचे वेगळे हवे आणि ते चालू राहायला हवे. बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. काउंटरवरच्या संगणकाला जोडलेले व्हॉट्सअ‍ॅप सुटीनंतर आपोआप बाहेर पडलेले दिसले तर घाबरू नये. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही की जोडलेली उपकरणे तुटतात. फोन सुरू करून पुन्हा जोडले की काम भागते.

ग्रुप, ब्रॉडकास्ट की चॅनेल?

सूचनांसाठी ग्रुप काढणे ही सवयीने होणारी चूक आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन क्रमांक इतर सगळ्यांना दिसतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत हे अजिबात चालवून घेऊ नये. शिवाय सदस्यांची मर्यादा १०२४ आहे आणि शुभेच्छांच्या गर्दीत ग्रंथालयाची सूचना बुडून जाते.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ‘आम्हाला मेसेज आलाच नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते. चॅनेलमध्ये ही अडचण येत नाही, आणि अनुयायांना एकमेकांचे क्रमांकही दिसत नाहीत. टेलिग्रामच्या चॅनेलवर उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला जुने संदेशही वाचता येतात. चॅनेल मात्र एकेरी असते, म्हणून प्रत्येक सूचनेखाली शंका कुठे आणि किती वाजेपर्यंत विचारायची ते लिहावे. उत्तर कोण देणार हे आठवड्याच्या वाराप्रमाणे ठरवून ठेवावे.

लिंक उघडत नाही

ग्रंथालयातून पाठवलेली लिंक ग्रंथालयातल्या संगणकावर उघडते आणि विद्यार्थ्याच्या घरी उघडत नाही, तेव्हा आधी पत्त्याची सुरुवात पाहा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे किंवा ‘लोकलहोस्ट’ दिसले तर ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची) फक्त आतल्या नेटवर्कवर आहे. लोकलहोस्टची लिंक तर शेजारच्या टेबलावरही चालणार नाही, कारण तो पत्ता ज्या त्या संगणकाचा स्वतःचा असतो. अशी लिंक कितीही वेळा पाठवली तरी बाहेर उघडणार नाही. ओपॅक बाहेरून उघडेल अशी व्यवस्था होईपर्यंत पुस्तकाचे नाव आणि वर्गांक (कपाटातली जागा सांगणारा विषयाचा क्रमांक) मजकुरातच लिहावा.

दुसरे कारण म्हणजे शोधनिकालाच्या पानाचा पत्ता कॉपी केलेला असतो. काही सॉफ्टवेअरमध्ये त्या पत्त्यात फक्त त्या वेळच्या वापरापुरता तात्पुरता क्रमांक येतो आणि थोड्या वेळाने लिंक निकामी होते. पुस्तकाच्या नोंदीचे स्वतंत्र पान उघडून तिथला पत्ता घ्यावा. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यात ‘बिब्लिओनंबर’ आणि त्यापुढे आकडा दिसला की तो त्या नोंदीचा थेट पत्ता समजावा. पाठवण्याआधी फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लिंक उघडून बघणे ही एकच खात्रीची चाचणी आहे.

क्यूआर कोडचेही तसेच. मोफत संकेतस्थळांवरचे ‘डायनॅमिक’ कोड आधी त्या संकेतस्थळावर जातात आणि मग आपल्या पानाकडे वळतात. मुदत संपली की भिंतीवरचा फलक फुकट जातो. साधा, स्थिर कोड वापरावा, त्यात आपला पत्ता थेट कोरलेला असतो. कोडभोवतीची पांढरी कड कापू नये. वाचक जितक्या अंतरावर उभा असेल त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी कोडची बाजू ठेवावी, म्हणजे एक मीटरवरून वाचायचा कोड १० सेंटिमीटर.

गूगल फॉर्मची गडबड

फॉर्म तयार केला त्याच पानाचा पत्ता वरच्या पट्टीतून उचलून पाठवला की तो संपादनाचा पत्ता असतो. फॉर्म भरणाऱ्यांसाठी वेगळी लिंक मिळते, ती द्यावी. महाविद्यालयाच्या खात्यावर बनवलेला फॉर्म बऱ्याचदा फक्त संस्थेतल्या खात्यांपुरता मर्यादित असतो, त्यामुळे खासगी ईमेल असलेल्या विद्यार्थ्याला तो उघडत नाही. सेटिंगमध्ये ती मर्यादा काढावी लागते. फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला तर गूगल खात्यात साइन-इन करणे सक्तीचे होते.

गंभीर चूक वेगळीच आहे. ‘निकालांचा सारांश दाखवा’ हा पर्याय चालू राहिला तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरे दिसू शकतात. पुस्तकाच्या मागणीच्या फॉर्ममध्ये त्यात नावे आणि फोन क्रमांकही आले. उत्तरांची शीट ‘लिंक असलेला कोणीही’ अशी खुली ठेवू नये.

थकीत पुस्तकांची यादी नावानिशी चॅनेलवर टाकणेही याच जातीचे. कोणी काय वाचायला नेले ही वाचकाची खासगी बाब आहे, आणि एकदा ओशाळलेला विद्यार्थी पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढत नाही. आठवण ज्याची त्याला वैयक्तिक जावी. कोहा वापरत असाल तर मुदत उलटल्याच्या सूचना आपोआप ईमेलने जाण्याची सोय त्यात आहे.

ई-साहित्याचा पासवर्ड सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नका. तो बाहेर पसरतो, मोठ्या प्रमाणावर डाउनलोड सुरू होते आणि प्रकाशक संपूर्ण महाविद्यालयाचा प्रवेश रोखू शकतो. अख्ख्या पाठ्यपुस्तकाचे स्कॅन वाटणे हाही स्वामित्वहक्काचा भंगच, मग तो परीक्षेच्या आदल्या रात्री का असेना.

वाचले जाईल असे लिहा

दोनशे नव्या पुस्तकांची पीडीएफ यादी क्वचितच कोणी उघडते. आठवड्याला तीन-चार पुस्तके, तीही नेमक्या गरजेला जोडून सांगावीत : ‘द्वितीय वर्षासाठी संख्याशास्त्राची ३ नवी पुस्तके आली आहेत. सोडवलेली उदाहरणे भरपूर. वर्गांक ५१९.५, घरी नेता येतील.’ एवढ्यावर विद्यार्थी सरळ कपाटापाशी जातो.

सूचना फक्त चित्रात लिहू नये. चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर तो नीट वाचू शकत नाही. चित्र हवेच असेल तर खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, द्यावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली नोटीस कॉपी करून चिकटवली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

ओपॅकमध्ये वाचकांचे टॅग, अभिप्राय आणि तारांकन सुरू करण्याचा मोह छोट्या ग्रंथालयाने आवरावा. वाचकसंख्या कमी असते, एकाच मताने पुस्तकाला एक तारा मिळतो आणि ते चांगले पुस्तक कपाटात पडून राहते. त्यापेक्षा कोहातील सार्वजनिक याद्या जास्त उपयोगी. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांकडून दहा-बारा पुस्तके निवडून घ्या आणि ती यादी ओपॅकवर ठेवा. अभिप्राय ठेवायचेच असतील तर ग्रंथपालाच्या मंजुरीनंतरच दिसतील, असे करावे.

साधनच बंद झाले तर

गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. आपले साधनही असेच बंद होऊ शकते, म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी ब्लॉगचा बॅकअप उतरवून घ्यावा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींमधून लेखांची फाइल मिळते, पण तिच्यात चित्रांचे फक्त पत्ते असतात, चित्रे नसतात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावी लागतात. मग एक रिकामा चाचणी ब्लॉग उघडून त्यात ती फाइल आयात करून बघावी आणि लेखांची संख्या मूळ ब्लॉगशी जुळते का ते मोजावे.