जुन्या सर्व्हिस पिस्तुलाची नवी आवृत्ती कशी पारखावी

स्लाइडवरचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरचा, छाप सगळ्यात शेवटी बघा. टेक्सासमधल्या भाच्याला हेच समजावताना माझा घसा सुकला. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या नव्या 'हाय पॉवर' पिस्तुलाबद्दल त्याचा हट्ट एकच, 'मामा, एफएननेच काढलीय म्हणजे अस्सलच असणार ना?' तिकडे दुकानात जाऊन ९ मिमीची हायपॉवर घेता येते, आपल्याकडे ९ मिमी सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. तेव्हा ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, आपण निदान पारख तरी शिकावी. मी इंदूरला बीएसएफच्या शस्त्रशाळेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. आयुष्य 'खोलना-जोडना' करण्यात गेलं. त्या सवयीतून आलेलं हे.

हात लावण्याआधी मॅगझिन उतरवा, स्लाइड मागे ओढा, चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. दुकानदाराने 'रिकामी आहे' म्हटलं तरी. त्यावर चर्चा नाही.

आता पहिला प्रश्न: नक्कल कोणत्या सालाची? '१९११' नावाची एकच पिस्तूल नाही. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये घेतलेली, जॉन ब्राउनिंगने आखलेली मूळ .४५ बोअरची वेगळी आणि पहिल्या महायुद्धानंतर सुधारलेली, १९२६ पासून ए१ म्हणवली गेलेली वेगळी. मूळ पिस्तुलात चाप लांब, मुठीची मागची बाजू सरळ. ए१मध्ये चाप आखूड, मुठीची मागची बाजू फुगीर, चापाच्या मागे फ्रेमवर बोटासाठी दोन्हीकडे खोबण आणि घोड्याखालची शेपटी लांब. एखाद्याने सरळ पाठीच्या पिस्तुलावर 'ए१' लिहून विकायला ठेवली असेल तर ती खिचडी आहे. चालवायला उत्तम असेलही, पण खिचडी.

मग वरून बघा. जुन्या १९११ची माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, इतकी बारीक की संध्याकाळच्या उजेडात शोधावी लागते. नव्यात नेमाच्या खुणा ठळक, बहुधा पुढे-मागे मिळून तीन पांढऱ्या ठिपक्यांच्या असतात. रिकामं काडतूस जिथून उडतं ती खिडकीही नव्यात खाली कापलेली असते. स्प्रिंगफील्डच्या 'मिल-स्पेक' मॉडेलमध्ये हे दोन्ही बदल आहेत, नावात 'मिलिटरी' असूनही. आणि ही स्प्रिंगफील्ड म्हणजे अमेरिकी सरकारचा तो जुना शस्त्रकारखाना नव्हे. तो १९६८ला बंद झाला, नाव पुढे एका खासगी कंपनीने घेतलं.

शेवटी स्लाइड उतरवून उलटी करा. खालच्या बाजूला मागे एक छोटा गोल दट्ट्या दिसला, तर ती कोल्ट कंपनीच्या सीरीज ८० पद्धतीची, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) अडवणारी सेफ्टी. ती १९८३ मध्ये आली, महायुद्धातल्या पिस्तुलात नव्हती. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी, फरक पोटात. आमच्याकडे महेश्वरी साडी घेताना बायका काठ उलटून बघतात, तसंच हे.

हायपॉवरची गंमत खरी. तिचं काम सुरू करणारा ब्राउनिंग १९२६ मध्ये गेला, ते काम बेल्जियमच्या एफएनमध्ये दिउदोने सेव्हने पुरं केलं आणि पिस्तूल १९३५ला आली. मॅगझिन तेरा गोळ्यांचं. फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून तीत एक खटका घातला होता: मॅगझिन बाहेर असेल तर चाप दाबूनही घोडा पडत नाही. चाप थोडा खरखरीत लागतो तो त्याच खटक्यामुळे. एफएनने उत्पादन थांबवल्यावर २०२१ मध्ये स्प्रिंगफील्डची एसए-३५ आली, तुर्कस्तानच्या गिरसानचीही एक आली आणि २०२२ला खुद्द एफएनने नवी 'हाय पॉवर' काढली.

तीन पिस्तुलं समोर असतील तर माझी परीक्षा सोपी आहे. जुन्या हायपॉवरचं मॅगझिन नव्या पिस्तुलात घाला. एसए-३५मध्ये ते बसतं, एफएनच्या नव्या पिस्तुलात बसत नाही. ज्यांनी मूळ पिस्तूल घडवली त्यांनीच सगळं नव्याने आखलं, सतरा गोळ्यांचं मॅगझिन केलं आणि नाव तेच ठेवलं. वाईट नाही, पण ती नवी पिस्तूल आहे. शिवाय स्प्रिंगफील्डनेही तो फ्रेंच खटका काढला आणि घोड्याचा आकार बदलला, कारण जुना घोडा अंगठा-तर्जनीमधल्या कातडीला चावायचा. निष्ठेचे गुण कापायचे तर इथे कापा. मी मात्र कापणार नाही. मूळ पिस्तुलातूनही कित्येकांनी तो खटका काढून टाकलाय.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, तोही बघून घ्या. १९६२च्या आधीच्या हायपॉवरमध्ये तो स्लाइडच्या आत असे, नंतर बाहेर आला. नव्या पिस्तुलात बाहेर दिसला तर ती महायुद्धातल्या हायपॉवरची नक्कल नव्हे, साठोत्तर हायपॉवरची.

आणि हो, पुनर्निर्मितीच्या गप्पांत आपल्या पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचं नाव कोणी घेत नाही. तिथल्या रायफल फॅक्टरीची 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए' ही कॅनडाच्या इंग्लिस कारखान्याच्या हायपॉवरवर बेतलेली आहे. जुनी आठवण म्हणून नव्हे, फौजेला लागते म्हणून बनवली, त्यामुळे बाजारासाठी नटवायचा प्रश्नच आला नाही. भाच्याला हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

रंग आणि मुठीच्या पट्ट्या यांवर फार वेळ घालवू नका. पट्ट्या दोन स्क्रूंनी बदलतात.

आपल्याकडे परवान्यावर हाती येऊ शकेल अशी वारसदार म्हणजे इंग्लंडच्या वेब्ली कंपनीची रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश लष्करातली मार्क ४ ही .३८ची, कानपूरच्या आयुध कारखान्याने तिच्यावर बेतलेली रिव्हॉल्व्हर .३२मध्ये काढली आणि वेब्लीच्या नावाची .३२ आता उत्तर प्रदेशात बनते. बोअर बदललं म्हणून नाक मुरडू नका, वेब्ली स्वतः मार्क ४ ही .३२मध्येही विकत असे. बघायचं ते बिजागरीकडे. रिकामी असल्याची खात्री करून नळी सोडवणारा खटका दाबा, नळी खाली मोडा, काडतुसं ढकलणारा चांदणीच्या आकाराचा भाग एका दमात वर येऊन मागे बसतो का बघा. मग बंद करून नळी आणि फ्रेम धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. तिथे खडखड जाणवली तर दुसरी दाखवायला सांगा.